खुर्च्या किती, हवा किती

नव्या सभागृहाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न खुर्च्यांचा असतो. किती बसतील? आठशे म्हटले की कोणीतरी हजार म्हणतो, हजार म्हटले की बाराशे. मग वाहनतळ, मग एसी, मग दर्शनी भाग कसा दिसेल आणि कोनशिलेवर कोणाकोणाची नावे येतील. आवाजाचा विषय अंदाजपत्रकात ‘साउंड सिस्टीम’ या सदराखाली येतो, तोही भिंती उभ्या राहिल्यावर. सोलापुरात शास्त्रीय संगीताचे सभागृह कसे बांधावे हे सांगणाऱ्या या पुस्तकाने हा क्रम उलटा लावला आहे. इथे कानाचा विचार आधी आहे, मग खोलीचा, मग खुर्चीचा. दर्शनी भागाला अगदी शेवटची चार पाने मिळाली आहेत आणि मला विचाराल तर तीही जास्त झाली.

शास्त्रीय संगीतासाठी बांधलेल्या खास सभागृहाची चर्चा पुण्या-मुंबईत व्हावी, सोलापुरात कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांना सोलापूरचा कान ठाऊक नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा एका गल्लीत ऐकू येणारे हे गाव आहे. राम जोशींची लावणी याच मातीतली. शाहीर अमर शेख जिल्ह्यातल्या बार्शीचे, गायिका-अभिनेत्री फैयाज सोलापूरच्या. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर वाजणारी वाद्ये आणि गणपतीत लेझमीचा ताफा निघाला की कडाडणारी हलगी यांवर इथली पोरे वाढतात. हे सगळे मात्र उघड्यावरचे संगीत. हलगीला भिंत लागत नाही. उलट, भिंत आडवी आली तर तिचा त्रासच होतो. तानपुऱ्याचे तसे नसते. त्याला खोली लागते, आणि तीही बरी खोली.

अशी खोली आपल्या शहरांनी फारशी बांधलेली नाही. बांधली ती नाट्यगृहे आणि ‘बहुउद्देशीय’ सभागृहे. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिर आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, त्यांच्या स्मृतीचे हे नाव. आपल्याकडच्या कोणत्याही पालिकेच्या सभागृहासारखे त्याला नाटक, व्याख्यान, शाळेचे स्नेहसंमेलन, सत्कार आणि अधूनमधून गाणे असे सगळे सांभाळावे लागते. यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. मध्यम शहराला प्रत्येक कलेसाठी वेगळी इमारत परवडत नाही. पण भाषणाला हवी असलेली खोली आणि गाण्याला हवी असलेली खोली एक नसते. त्या दोघींमधला फरक आपण माईकवर टाकून मोकळे होतो.

माईक येण्याआधी असे मोकळे होता येत नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले. पुढे त्याला केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत सापडले तेव्हा महाराष्ट्रभर हळहळ झाली, ती मुख्यतः इतिहासापोटी. माझी हळहळ थोडी वेगळी होती. संगीत नाटकाच्या त्या काळात नट शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यावर पोचत असे. केशवराव आणि बालगंधर्व यांनी १९२१ मध्ये मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले तेही निव्वळ गळ्यावर. लाकडी तख्तपोशी, लाकडी सज्जे, लाकडी रंगमंच आणि दाटीवाटीने बसलेली माणसे मिळून जो आवाज तयार होत असे, तो गवयाच्या गळ्याइतकाच त्या इमारतीचाही होता. जुने नाट्यगृह जळते तेव्हा एक वाद्य जळते. नवीन बांधताना नकाशा जुना मिळेल, नक्षी हुबेहूब होईल. पण लाकडाच्या जागी काय बसवले आणि त्याच्या मागे किती पोकळी ठेवली, हे विचारणारा माणूस बांधकामाच्या बैठकीत हवा.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या बाबतीत असा माणूस होता. १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि २६ जून १९६८ रोजी यशवंतराव चव्हाणांनी उद्घाटन केले. मधल्या काळात पु. ल. देशपांडे त्या वास्तूच्या आखणीत लक्ष घालत होते. नाटक करणारा आणि पेटी वाजवणारा माणूस नकाशावर वाकून बसला होता, ही गोष्ट मला त्या इमारतीच्या कोणत्याही कमानीपेक्षा महत्त्वाची वाटते.

आता शास्त्राकडे येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गायकाच्या तोंडून निघालेला स्वर श्रोत्याकडे सरळ येतो आणि त्याच्या मागोमाग भिंतींवरून, छतावरून परतलेले त्याचे शेकडो भाऊबंद येतात. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत आलेले भाऊबंद कान मूळ स्वरात मिसळून घेतो. स्वर भरलेला वाटतो, गायक जवळ आल्यासारखा वाटतो. त्याहून उशिरा एखादा ठळकपणे आला तर तो वेगळा ऐकू येतो आणि शब्द बिघडवतो. सेकंदाचा विसावा भाग म्हणजे १७ मीटरचा जास्तीचा प्रवास. मागची भिंत सपाट आणि टणक ठेवली तर पुढच्या रांगांतल्या श्रोत्यांना प्रत्येक ठोका दोनदा का ऐकू येतो, त्याचे उत्तर या १७ मीटरमध्ये आहे. बाकीचे परावर्तित स्वर एकमेकांत मिसळून हळूहळू विरत जातात. तो निनाद. तो किती वेळ टिकावा, यावर सगळ्या संगीतगृहांचे भवितव्य ठरते.

हे मोजण्याची रीत घालून दिली वॉलेस सेबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले नवे व्याख्यानगृह इतके घुमत होते की बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ तिथेच रेंगाळे. सेबाइनने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या पसरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवायच्या, असा उद्योग चालवला. आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर तो मोजणीला रोज तेच कपडे घालू लागला. कापडाच्या गावात हा तपशील कोणाला सांगावा लागू नये. त्यातून निघालेले सूत्र शाळकरी मुलालाही येईल: खोलीचे घनफळ ०.१६ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचे, की निनादाचे सेकंद मिळतात. शोषणाचे माप त्याने घेतले उघड्या खिडकीचे, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. या सूत्राच्या आधाराने उभे राहिलेले पहिले सभागृह म्हणजे १९०० मध्ये सुरू झालेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल. तो आजही जगातल्या उत्तम सभागृहांत मोजला जातो.

बॉस्टनमध्ये वाद्यवृंद वाजतो, आणि त्याला सुमारे दोन सेकंदांचा निनाद मानवतो. हा आकडा उचलून आपल्याकडे आणला की घोटाळा होतो. द्रुत तीनतालात एक मात्रा पाव सेकंदाची धरा आणि तबलजीने एका मात्रेत चार बोल भरले असे धरा. सेकंदाला सोळा बोल झाले. दोन सेकंद निनादणाऱ्या खोलीत पहिला बोल विरण्याआधी त्याच्यावर तीसेक बोल पडलेले असतात. कायदा आणि रेला यांत मग काही फरक उरत नाही. दुसऱ्या टोकाला, आकाशवाणीच्या स्टुडिओसारखी सगळीकडून शोषणारी खोली घेतली तर गवय्याला आपला आवाज परत मिळत नाही आणि तो अकारण जोर लावू लागतो. आपल्या संगीताला या दोहोंच्या मधले, पण भाषणाच्या बाजूला झुकणारे काहीतरी लागते. सव्वा सेकंदाच्या आसपास म्हणू.

याचे कारण मला वाद्यांतच दिसते. तानपुरा, स्वरमंडळ, सतारीच्या आणि सारंगीच्या तरफा ही सगळी निनाद निर्माण करण्याचीच साधने आहेत. पाश्चात्त्य वाद्यवृंदाने निनादाचे काम चर्चच्या आणि राजवाड्याच्या दगडी भिंतींवर सोपवले. आपल्या गवयाने तो स्वतःबरोबर आणला, कारण त्याला आज देवळाच्या ओवरीत गायचे असे, उद्या वाड्याच्या दिवाणखान्यात आणि परवा मांडवात. म्हणून आपल्या सभागृहाने निनाद फार वाढवू नये. त्याने जवळीक द्यावी. गायकाने ‘सा’ लावताना बदललेला चेहरा, ‘हा असा’ म्हणून पुढे केलेला हात आणि समेवर पहिल्या रांगेतून आलेली दाद यांशिवाय ख्याल अर्धा राहतो.

ही गोष्ट एका अमेरिकन वास्तुरचनाकाराला कळली होती, आणि त्याची पार्श्वभूमी मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये १९६२ साली फिलहार्मोनिक हॉल उघडला. लिओ बेरानेक या नामांकित ध्वनितज्ज्ञाने जगभरची सभागृहे मोजून त्याचा आराखडा बेतला होता. मग वृत्तपत्रांतून ओरड झाली की खुर्च्या कमी आहेत. आकार बदलला, खुर्च्या वाढल्या, आणि पहिल्याच हंगामात सभागृह आवाजासाठी बदनाम झाले. पुढे १९७६ मध्ये तो वास्तुरचनाकार, फिलिप जॉन्सन, आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी त्याचा आतला भाग पाडून नव्याने बांधला. याच जोडीने केलेले टाटा थिएटर चार वर्षांनी, १९८० मध्ये, मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या आवारात सुरू झाले. त्यांनी न्यूयॉर्कमधला लांबट डबा इथे आणला नाही. भारतीय संगीत चेहरा आणि हात पाहत ऐकायचे असते हे ध्यानात घेऊन त्यांनी सुमारे हजार आसने पंख्यासारखी रंगमंचाभोवती पसरली, आणि माईकशिवाय ऐकू जाईल असे छत आणि भिंती घडवल्या. एनसीपीए उभारणाऱ्या जमशेद भाभांचा हट्ट त्यामागे होता. न्यूयॉर्कच्या त्या सभागृहाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. २०२२ मध्ये ते पुन्हा आतून पाडून बांधले, तेव्हा पाचशेहून जास्त खुर्च्या कमी केल्या. साठ वर्षे आणि दोन पुनर्बांधण्या गेल्यावर ते पहिल्या आराखड्यातल्या आकड्याच्याही खाली आले.

आपल्या शेजारी पणजीला चार्ल्स कोरियांची कला अकादमी आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेली, मांडवीकाठची, कांपालच्या झाडीत अंग चोरून बसलेली. तिथल्या दीनानाथ मंगेशकर सभागृहाला नाटक, तियात्र, ख्याल आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद असे सगळे झेलायचे होते, कारण अकादमीत दोन्ही परंपरा शिकवल्या जातात. आतल्या भिंतींवर मारियो मिरांडांनी सज्जे आणि त्यांत बसलेली गोंयकार मंडळी रंगवली; कार्यक्रमाला चारच माणसे आली तरी कलाकाराला घर भरलेले दिसते. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले, आणि सभागृह पुन्हा सुरू झाल्यावर कलावंतांनी ध्वनीविषयी उघड तक्रारी मांडल्या. संगीतगृहाची दुरुस्ती हे रंगकाम नसते. खुर्चीचे कापड बदलले, छतातला एक थर बदलला, तरी सूत्रातला खालचा आकडा बदलतो.

तो आकडा सोलापूरसाठी मांडून पाहू. वाद्यवृंदाच्या सभागृहात माणशी सुमारे १० घनमीटर हवा धरतात, निव्वळ भाषणाच्या सभागृहात तीन ते पाच. आपल्या गाण्यासाठी सातच्या आसपास धरू. पाचशे श्रोते, १६ मीटर रुंदी, २४ मीटर लांबी, ९ मीटर उंची. घनफळ ३,४५६ घनमीटर. निनाद १.२ सेकंद हवा असेल तर एकूण शोषण सुमारे ४६० चौरस मीटर ‘उघड्या खिडकी’एवढे लागते. बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो; पाचशे जणांचे अडीचशे. उरलेले दोनशे दहा भिंती, छत, पडदे आणि रंगमंच यांनी द्यायचे. आता पावसाचा दिवस आहे, नाव नसलेली तरुण गायिका आहे आणि शंभर माणसे आली आहेत असे धरा. खुर्च्या प्लास्टिकच्या किंवा रेक्झिनच्या असतील तर शोषण दोनशे साठवर येते आणि निनाद दोन सेकंदांच्या वर जातो. ज्या मुलीला चांगल्या आवाजाची सर्वांत जास्त गरज आहे तिला सर्वांत वाईट खोली मिळते. जाड कापडी गादीची खुर्ची रिकामी असतानाही जवळजवळ माणसाइतके शोषते, म्हणून जगभर संगीतगृहांत खुर्चीवर इतका विचार आणि पैसा खर्च होतो. पुसायला सोपे म्हणून रेक्झिन घेणारी निविदा-समिती नकळत गाण्याच्या विरोधात मत देत असते.

कापड म्हटले की सोलापूरकराच्या मनात लगेच चादर आणि टॉवेल येतात, आणि भिंतीला चादरी लावल्या की झाले असे त्याला वाटते. तसे होत नाही. भिंतीला चिकटून ताणलेली चादर वरचे, टोकदार स्वर खाते आणि खालचे तसेच सोडते. डग्ग्याचा घुमारा राहतो, तानपुऱ्याची जव्हार जाते. नेमके नको तेच. कापड चुणीदार हवे, भिंतीपासून वीतभर पुढे हवे आणि खर्जासाठी प्लायवुडच्या मागे पोकळी सोडून वेगळी सोय हवी. या अटी पाळून इथल्या मागावरचे जाड टेरी कापड वापरता येईल का, याचा प्रयोगशाळेत कस लावून पाहण्यासारखा आहे. पुस्तकातले कापडाचे प्रकरण मी दोनदा वाचले. सरकते पडदे ठेवून व्याख्यानाच्या दिवशी खोली कोरडी आणि सतारीच्या दिवशी ओली करण्याची युक्तीही तिथेच आहे.

सोलापूरच्या उन्हाचे काय करायचे, हा याहून अवघड प्रश्न. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. एसीशिवाय पाचशे माणसे बसवणे म्हणजे छळ. आणि एसीची घरघर हा तानपुऱ्याचा पहिला शत्रू. माईक असला की ती झाकली जाते, म्हणून आजवर कोणी तक्रार केली नाही. उपाय जगात ठरलेला आहे: यंत्रे इमारतीपासून वेगळ्या पायावर, रुंद नळ, आणि खुर्चीखालून अगदी संथ सोडलेली थंड हवा. यासाठी जमिनीखाली पोकळी लागते, म्हणून एसीवाल्याला पाया खणण्याआधी बोलवायचे असते, छत झाल्यावर नव्हे. मला मात्र या जिल्ह्यातले माळवद आठवते. जाड भिंती आणि वर मातीचा भरगच्च थर असलेली ती घरे दुपारी गार राहत, आणि त्यांच्यात बाहेरचा गलकाही शिरत नसे, कारण ऊन आणि आवाज दोघांनाही वजनदार भिंत आवडत नाही. सभागृहाभोवती ओवरीसारखी फिरणारी मार्गिका आणि तिच्या बाहेर दुसरी भिंत ठेवली तर एसीचे काम हलके होईल आणि मिरवणुकीचा डीजेही बाहेर थांबेल. पत्र्याच्या छताखाली फॉल्स सिलिंग टांगून यातले एकही साधत नाही. वळवाची एक सर आली की विलंबित ख्याल संपला.

नवी इमारतच हवी का, हाही प्रश्न लेखकाने घेतला आहे. हॅम्बुर्गचे एल्बफिलहार्मोनी २०१७ मध्ये सुरू झाले, ते कोको आणि तंबाखू साठवण्याच्या जुन्या गोदामाच्या डोक्यावर. आतले २,१०० आसनांचे सभागृह ३६२ स्प्रिंगांवर तोलले आहे, म्हणजे बंदराची धडधड आत येत नाही. ध्वनितज्ज्ञ यासुहिसा तोयोता यांनी भिंतींसाठी हजारो फलक प्रत्येकी वेगळ्या खाचांचे कोरवून घेतले. खर्च मूळ अंदाजाच्या दसपटीवर गेला. हे वाचून छाती दडपू नये म्हणून लेखकाने लगेच दुसरे उदाहरण ठेवले आहे. इंग्लंडमध्ये स्नेप या खेड्यात बार्ली भिजवण्याचे जुने कारखाने होते. बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराच्या महोत्सवासाठी १९६७ मध्ये त्यातल्या एकाच्या विटांच्या भिंती ठेवून आणि छत उंच करून आठशेच्या आसपास आसनांचे सभागृह केले. दोन वर्षांत ते जळाले, वर्षभरात पुन्हा उभे राहिले, आणि आजही गायक तिथे गायला मिळावे म्हणून धडपडतात. दर्शनी भाग असा काही नाहीच, कारखाना दिसतो.

सोलापुरात १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. त्यांच्या भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालले, आणि एकेक करून त्या बंद पडल्या. गिरणीत गाणे ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण प्रत्येक शेड त्या कामाची नसते. विणकाम खात्याची करवती छपरे बुटकी, तिथे नऊ मीटर उंची मिळत नाही, आणि समोरासमोरच्या सपाट भिंतींत टाळी वाजवली तर ती फडफडत राहते. उंच गोदाम मिळाले, दगडी भिंत दीड-दोन हाताची असली आणि रेल्वेमार्ग लांब असला तर विचार करावा. नाहीतर मोकळी जमीन बरी.

पाचशे आसनांचे गणित तिकिटावर बसत नाही, हा आक्षेप खरा आहे. हजार आसनांचेही बसत नाही. ते लग्नाच्या भाड्यावर बसते. मग लग्नासाठी सपाट जमीन लागते, खुर्च्या उचलता यायला हव्यात, उचलता येणारी खुर्ची म्हणजे प्लास्टिकची, आणि आपण पुन्हा दोन सेकंदांवर येतो. लेखकाने सुचवलेला मार्ग असा की मोठे सभागृह शहरात आहेच, ते भाषणांना आणि नाटकांना राहू द्यावे. लहान सभागृह संगीत विद्यालयाला जोडावे, म्हणजे दिवसा वर्ग भरतील, संध्याकाळी मैफल होईल आणि ध्वनिमुद्रणाचे भाडे वेगळे येईल. त्याच्या खर्चाचा तक्ता मला जरा आशावादी वाटला. देखभालीला धरलेली रक्कम तर सरळ दुप्पट करावी, कारण सरकते पडदे ओढायला माहीतगार माणूस लागतो आणि पालिकेच्या आस्थापना यादीत त्याच्यासाठी पद नसते. त्या पदाचे कामकाज काय असावे, हे पुस्तकाच्या परिशिष्टात दिले आहे. नकाशे पाहण्याआधी ते वाचावे.